कावडीवरचे पेट्रोल

जांभूळटेपला जायला दोन रस्ते आहेत. एक मुळशीच्या तलावाला वळसा घालून डोंगराच्या पोटाने जातो. त्याला उगवतीपासून मावळतीपर्यंत चालावे लागते, आणि पावसाळ्यात तो नसतोच. दुसरा रस्ता पाण्यावरचा. तो सात मैलांचा आहे आणि गेल्या वर्षापासून त्यावर मोटरबोट चालते. ती बोट पाहून चारशे शब्द लिहावेत, एवढ्या कामासाठी एप्रिलमध्ये मला पुण्याहून पाठवण्यात आले. चारशे शब्द वेळेवर छापून आले. त्यांत बोटीचा वेग होता, भाडे होते, बोट चालवणाऱ्या सहकारी संस्थेच्या अध्यक्षांचे नाव होते. जे त्यांत नव्हते ते येथे लिहीत आहे.

पहिला दिवस

भुकूम, पौड आणि पुढचा घाटवळणाचा रस्ता यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. गाडी वेळेवर निघाली आणि वेळेवर पोहोचली. मुळशीला उतरल्यावर पाणी दिसले, पण ते लांब होते. पावसाळ्यात बोट जिथे लागते तिथे एक लाकडी खांब आहे. एप्रिलमध्ये त्या खांबापासून पाणी अर्धा मैल मागे गेलेले असते. मधल्या पट्ट्यात वर तडकलेला आणि खाली मऊ असा गाळ, आणि त्या गाळात धरणाआधीच्या भातखाचरांचे बांध दगडी ओळींनी उघडे पडलेले. बांध इतके शाबूत आहेत की कोणाचे खाचर कुठे संपत होते ते आजही सांगता येईल.

खांबाशी एक माणूस कावड घेऊन उभा होता. गेनबा मालपोटे, बोटीचा चालक. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात बंडी, डोक्याला मुंडासे. कावडीच्या दोन टोकांना दोन तांबड्या पत्र्याच्या टाक्या होत्या.

"रामराम. पेपरवालं तुमीच न्हवं?" तो म्हणाला. "बूट काडा. गाळ बूट ठिऊन घेतो, मानूस परत देतो."

मी बूट काढले नाहीत. पन्नास पावलांवर डावा बूट गाळात राहिला. गेनबाने कावड न उतरवता, गुडघ्यात वाकून, तो उपसून दिला आणि पुढे चालू लागला.

टाक्या प्रत्येकी पाच गॅलनच्या होत्या. भरलेल्या टाकीचे वजन अर्ध्या मणाच्या वर जाते. बोट घेताना संस्थेपुढे दोन पर्याय होते: बोटीच्या तळाशी एकच मोठी टाकी कायमची बसवून घेणे, किंवा उचलून नेता येतील अशा सुट्या टाक्या घेणे. पुण्याच्या दुकानदाराने बसवलेल्या टाकीची शिफारस केली होती. ती नाकारली गेली, आणि नाकारण्याचे कारण गेनबाने चालता चालता सांगितले.

"पेट्रोलचं पिंप हाय सडकेला. बोट हाय पान्यात. पानी आज हितं, म्होरल्या म्हैन्यात तितं. बसवल्याली टाकी भराया मी काय तांब्या तांब्यानं पेट्रोल न्हेऊ? टाकीच भराया सडकेला आली पायजे."

"मग दोन कशाला? एक पुरली नसती?"

"कावडीला बाजू किती असत्यात?"

दोन्ही टाक्या प्रत्येक खेपेला बोटीत का असतात, याचेही उत्तर तेच होते. एक टाकी एका खेपेला जाऊन-येऊन पुरते. पण एकच टाकी घेतली तर कावड कलते. सुरुवातीला गेनबाने दुसऱ्या बाजूला दगड बांधून पाहिला. "मानसं हसाया लागली. म्हनली, गेना द्येव घिऊन चाललाय." तेव्हापासून दुसरी टाकी दगडाऐवजी जाते. अडीनडीला उपयोगी पडेल हा विचार नंतरचा.

टाकी भरण्याची त्याची पद्धत मी दुसऱ्या दिवशी पाहिली, पण ती इथेच सांगतो. टाकी बोटीत कधी भरायची नाही. जमिनीवर, सपाट दगडावर ठेवून भरायची. आधी थोडे पेट्रोल, मग मापाने तेल, मग हलवून उरलेले पेट्रोल. ओतताना ते कोणा साहेबाच्या जुन्या फेल्ट हॅटमधून गाळायचे. फेल्टमधून पेट्रोल जाते, पाणी वर राहते. टाकी काठोकाठ भरायची नाही, वर चार बोटे जागा ठेवायची, कारण उन्हाने पेट्रोल फुगते. पातळी पाहायला खाचा पाडलेली बांबूची काडी. विडी ओढणाऱ्याने वीस पावले लांब बसायचे. पुण्यात मोटारींच्या पंपावर इतकी काळजी मी पाहिलेली नाही.

हे सगळे तो कोठे शिकला, तर बरेचसे स्वतःच. त्याआधी चौदा वर्षे तो पुण्यात एका बोळातल्या दुकानात स्टो दुरुस्त करत होता. पिन, वॉशर, पंप, तेल हे त्याला कळते, म्हणून संस्थेने वाडीतल्या चार जणांतून त्याला निवडले. निवड योग्य होती. त्याच्या कामात एकच चूक होती आणि ती त्या स्टोपासूनच आली होती.

बोटीत आम्ही पाच जण होतो. माझ्यासमोर रखमाजी नावाचे सत्तरीचे गृहस्थ बसले होते, गेनबाचे चुलते. त्यांच्या मांडीवर एक नारळ होता. निघून चाळीस-एक मिनिटे झाली असतील. तलावाच्या मधोमध इंजिन धापा टाकू लागले आणि बंद पडले. कोणीही दचकले नाही. रखमाजींनी नारळ बोटीच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर फोडला, पाणी तलावात सोडले आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले. गेनबाने टाकीचे झाकण काढले, आत फुंकर घातल्यासारखे केले, झाकण परत घट्ट बसवले, दोरी ओढली. इंजिन चालू झाले.

"खाली भैरोबाचं देऊळ हाय," रखमाजी म्हणाले. "आमच्या जुन्या गावचं. घरला येनाऱ्याला भैरोबा थांबिवतो. कुटं हुतास म्हनून इचारतो."

"आणि घरून जाणाऱ्याला?"

"त्येला कशाला थांबिवल? त्यो जानारच असतो."

मी टाकीच्या झाकणाकडे पाहिले. झाकणाच्या मध्यावर पितळेचा छोटा स्क्रू होता. टाकीतून पेट्रोल जसे कमी होईल तशी आत हवा जावी म्हणून तो असतो. इंजिन चालू असताना तो सैल हवा. गेनबाने तो पार आवळला होता. आत हवा जायला वाट नाही, म्हणून ठराविक वेळाने पेट्रोल येईनासे होते. मुळशीहून निघताना टाकी भरलेली असते, वर हवा थोडी असते, म्हणून इंजिन अर्ध्या वाटेत अडते. परतीला टाकी अर्धी असते, आत हवा भरपूर, म्हणून ते अडत नाही. घरी येणाऱ्याला थांबवणे आणि जाणाऱ्याला सोडणे या दोन्हींचा उलगडा त्यात होता. मला तो त्याच जागी झाला आणि तिथेच मी तो सांगितला.

"स्टोची चावी मोकळी सोडली तर हवा जाती नि स्टो इझतो," गेनबा म्हणाला.

"हा स्टो नाही."

"तेल त्यात बी जळतं, ह्यात बी जळतं." मग म्हणाला, "पेट्रोल उडून जातं, साहेब. उघडं ठिवलं तर सांजंपातुर निम्मं न्हाई ऱ्हात."

रखमाजी खोबरे चावत होते. ते म्हणाले, "पुन्याची मानसं लई शिकल्याली असत्यात. देवाला बी सुटा करून बगत्यात."

जांभूळटेप

वाडी तीस उंबऱ्यांची. घरे कुडाची, वर गवत. माझा मुक्काम गेनबाकडे होता. जेवायला नाचणीची भाकरी, तलावातल्या माशाचे तिखट कालवण आणि जाडा भात. पाहुण्याला आधी भात वाढतात आणि तो संपल्यावर भाकरी. पुण्याच्या बरोबर उलटा क्रम. चहा गुळाचा, बिनदुधाचा, आणि तो पितळीत ओतून देतात.

वाढणारी बाई गेनबाची बहीण हौसा. लग्नानंतर सहा वर्षांनी नवरा गिरणीत गेला तो परतला नाही. तेव्हापासून ती भावाकडे असते. जेवण झाल्यावर तिने फडक्यात गुंडाळलेला एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला.

"वाचलाय म्या," ती म्हणाली. "चौथी झालीय माजी. पर तुमी बी वाचा. काय ऱ्हायलं असंल तर सांगा."

कागद सरकारी होता. प्रसूतिकामाच्या प्रशिक्षणासाठी पेट्यातून, म्हणजे तालुक्याच्या या भागातून, एक उमेदवार घ्यायचा होता. निवड परवा, पौडला, दुपारी बारा वाजता. उमेदवाराने स्वतः हजर राहावे. उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही. वयाची मर्यादा पस्तीस.

"तुमचं वय?"

"जल्मनोंदीवरनं चौतीस. शाळंच्या दाखल्यावरनं बी त्येच."

म्हणजे तिच्यासाठी ही बहुधा शेवटची निवड होती. ते तिला माहीत होते. कागदावरची पस्तीसची ओळ बोटाने पुसून पुसून फिकट झाली होती.

शिकायची गरज काय, असे मी विचारले, कारण चार वाड्यांतली बाळंतपणे तीच करते असे गेनबाने सांगितले होते.

"सरळ असंल ते समद्यांनाच येतं," हौसा म्हणाली. "आडवं आलं की मला येत न्हाई. गेल्या पावसात दोगी गेल्या. एक ह्याच घरातली." ती गेनबाची बायको होती. गेनबा उठून बाहेर गेला.

मग ती तिचे काम कसे चालते ते सांगू लागली. बाई अडली की त्या घरातले सगळे बंद असलेले मोकळे करतात. दाराच्या कड्या काढतात, पेटीचे कुलूप उघडतात, डब्यांची झाकणे काढून ठेवतात, दावणीच्या गाठी सोडतात, बाईचे केस सोडतात. पुण्यातल्या प्रसूतिगृहात दारे बंद करून घेतात.

मला दुपारची गोष्ट आठवली. मी तिला टाकीच्या स्क्रूबद्दल सांगितले. तिला ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर कळले. ती दारात जाऊन म्हणाली, "गेनादा, आरं वारा घ्याया जागा न्हाई म्हनून अडतंय त्ये. अडल्यावर मोकळं करायचं असतं ह्ये मी तुला सांगू?"



दुसरा दिवस

सकाळी गेनबा मला म्हणाला, "बगू या तुमचं. एक खेप."

आम्ही मुळशीला गेलो, पिंपावरून टाकी भरली, दोन वाजता परत निघालो. स्क्रू दोन आटे सैल केला. मी घड्याळ हातात धरले. चाळीस मिनिटे झाली, पंचेचाळीस झाली. रखमाजी याही खेपेला होते. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला होता आणि ते इंजिनाकडे पाहत होते. देवळाची जागा मागे पडली. ती जागा ओळखायला पाण्यावर काही खूण नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्यावरून मला ती कळली. इंजिन एका सुरात चालू राहिले.

एक तास चार मिनिटांत जांभूळटेप आले. रखमाजींनी नारळ तसाच घरी नेला. काठावर उतरताना ते मला म्हणाले, "पावना म्हनून बोलत न्हाई," आणि निघून गेले.

गेनबा मात्र खुशीत होता. वर्षभर रोज अडणारी गोष्ट दोन आट्यांनी सुटली होती. त्याने झाकण काढून उलटसुलट पाहिले, स्क्रू फिरवून पाहिला आणि विचारले, "म्हंजी कसं ठिवायचं?"

मी स्क्रूवर बोट ठेवून म्हणालो, "ही चावी नेहमी उघडी ठेवायची."

माझा व्यवसाय शब्दांचा आहे. बातमीत 'सर्व', 'कधीही', 'नेहमी' हे शब्द आले तर उपसंपादक त्यांच्याखाली रेघ मारतो आणि विचारतो: नक्की? ही रेघ मी स्वतः अनेकांच्या मजकुरात मारली आहे. इंजिन चालू असताना उघडी; टाकी उचलताना, ठेवून देताना, आडवी करताना बंद, असे सांगायला हवे होते. मला ते माहीत होते. पण मला टाकी दिसत होती ती फक्त चालत्या इंजिनाला जोडलेली.

गेनबाची बंद चावी चुकीची होती. पण त्याची बाकीची सगळी व्यवस्था तिच्या भरवशावर उभी होती. टाकी कावडीवर हिंदकळली तरी सांडत नव्हती, उन्हात राहिली तरी उडत नव्हती, आणि बोटीत गर्दी झाली तर आडवी टाकता येत होती.

तिसरा दिवस

मुळशीहून पौडला जाणारी सकाळची गाडी दहाला सुटते. त्यानंतरची दोनला. हौसाने सहालाच तयारी केली होती. हिरवे लुगडे, नवे नसले तरी घडीचे. फडक्यात कागद, दाखला, आणि दोन भाकऱ्या. साडेसातला निघून पावणेनऊला पलीकडे, असा हिशेब होता. सव्वा तास हातात राहत होता.

त्या खेपेला माणसे कमी पण ओझे जास्त होते: हौसा, रखमाजी, मी, आणि वाडीतून बाजाराला चाललेली हिरड्याची तीन पोती. पोत्यांमुळे पुढच्या भागात जागा उरली नाही. गेनबाने भरलेली टाकी पुढच्या फळीखाली आडवी सरकवली. तो असे वर्षभर करत आला होता. इंजिनाला जोडलेली टाकी अर्धी होती आणि ती पलीकडे पोहोचायला पुरेशी होती. आडवी टाकी त्या दिवशी लागणार नव्हती. ती बोटीत होती ती कावडीसाठी.

मागाहून गेनबाने सांगितले की पहाटे त्याने बोटीवर जाऊन जे जे बंद होते ते उघडले होते. हत्यारांच्या पेटीची कडी, बोट बांधायच्या दोराच्या जुन्या गाठी, आणि दोन्ही टाक्यांच्या चाव्या. बहीण कामाला चालली होती. तिचे कुठे अडू नये. शिवाय नेहमी उघडी ठेवायची, असे मी सांगितलेच होते.

हौसा पुढे, फळीजवळ खाली बसली. मी मधल्या आडव्या फळीवर होतो आणि तळाला नेहमीचे थोडे पाणी असते म्हणून पाय वर घेतले होते. बोटीत पेट्रोलचा वास कायमच असतो. गेनबाच्या नाकाला तो कळत नाही. अर्धा तास गेला.

"पाय लई गार पडल्यात," हौसा म्हणाली.

"पानी आलं आसंल," गेनबा मागून ओरडला. "थोडं येतंच."

"पानी असं गार न्हाई लागत."

रखमाजींनी कमरेची पिशवी सोडून विडी काढली आणि चकमक हातात घेतली. हौसा एका झेपेत त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि तिने त्यांचे मनगट धरले.

"आबा, ती ठिवा खाली."

"काय झालं गं?"

"ठिवा म्हनते न्हवं."

तिने त्यांच्या मुठीतून चकमक सोडवून घेतली आणि तलावात टाकली. मग लुगड्याचा भिजलेला काठ नाकाशी नेला आणि गेनबाकडे पाहिले. गेनबाने इंजिन बंद केले.

टाकीच्या सैल स्क्रूमधून धार लागली होती. दोन-अडीच गॅलन पेट्रोल तळातल्या पाण्यावर पसरले होते. गेनबाने टाकी उभी केली आणि चावी आवळली.

"नेमी उघडी म्हनलात," तो मला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

मी "हो" म्हणालो.

"गेनादा, मागनं बोल त्येंच्याशी," हौसा म्हणाली. "आदी उपस."

बोटीत पेट्रोल असताना इंजिन चालवायला गेनबाने नकार दिला आणि ते बरोबर होते. एका डब्याने आणि एका करवंटीने उपसायला सुरुवात झाली. उपसून जे राहिले ते पुसायचे होते. रखमाजींचे घोंगडे त्यात गेले, माझा टॉवेल गेला. तेवढ्याने भागेना, तेव्हा हौसाने लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि ओच्यानेच तळ पुसून पुसून बाहेर पिळला. मी वल्हे घेतले. बोटीत वल्हे एकच होते, आणि मोटरबोट आल्यापासून ते कोणी वापरले नव्हते. एका वल्ह्याने बोट पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. समोरून वारा होता.

"साहेब, त्या अंगानं दोन, ह्या अंगानं एक," रखमाजी सांगत होते. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडून वल्हे काढून घेतले. सत्तरीच्या माणसाच्या हातात बोट सरळ चालू लागली.

"कालचा नारळ ऱ्हायला," ते वल्हवताना म्हणाले.

"आबा, नारळाचं काय न्हाई ह्यात," हौसा म्हणाली.

"तुजंच काम हुतं गं. तुज्याच कामाला कसं आडलं?"

ती पुसत होती. अडण्याचे कारण मला ठाऊक होते, आणि ते एका वाक्यात सांगता आले असते.

सव्वानऊच्या सुमारास तळ सुकला असे गेनबाला वाटले. त्याने आणखी वीस मिनिटे वाऱ्याला दिली, मग दोरी ओढली. काठाला लागलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. गाळ तुडवून सडकेला येईतो गाडीची धूळही खाली बसली होती.

पौड

हौसा थांबली नाही. मुळशी ते पौड नऊ मैल आहे. उन्हे चढली होती. ती पुढे, मी मागे. चालताना तिने दोन प्रश्न विचारले: पौडला कचेरी कोणत्या बाजूला, आणि किती वाजले. दुसरा प्रश्न तिने चार वेळा विचारला. पाच मैलांवर कोळशाची एक लॉरी मिळाली. पेट्रोलचा वास आल्यावर ड्रायव्हरने तिला कोळशावर, मागे बसवले. मी पुढे बसलो.

कचेरीत पोहोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. कारकून वयस्क आणि सौम्य होता. त्याने कागद पाहिला आणि खेदाने मान हलवली. दहा बायका आल्या होत्या. डॉक्टर बाराला बसले, साडेबाराला उठले आणि पुण्याला गेले. सडकेकाठच्या एका गावातली बाई निवडली गेली. तिच्या गावाहून पौडला दिवसात चार गाड्या आहेत.

"बाई, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा," कारकून म्हणाला. "तुमच्या लुगड्याला वास येतोय. इथं कागद आहेत."

ती उंबऱ्याबाहेर गेली आणि तिथून ऐकत राहिली. मी माझी ओळख सांगितली. उशीर का झाला ते सांगितले.

"तुम्ही लेखी द्या," तो म्हणाला. "उपयोग होईल असं नाही. पण कागद जोडून ठेवतो."

मी टेबलाशी उभा राहून लिहिले: बोटीतील इंधनाच्या टाकीतून अकस्मात गळती झाल्यामुळे उमेदवारास पोहोचण्यास विलंब झाला; त्यात उमेदवाराचा कोणताही दोष नाही. खाली सही केली. वाक्य नीट होते. त्यात खोटे काही नव्हते.

"म्या वाचू का?" उंबऱ्यातून हौसाने विचारले.

कारकुनाने कागद तिच्या हातात दिला. ती ओठ हलवत वाचत होती, त्यामुळे ती कोणत्या शब्दावर आहे ते मला कळत होते. वाचून झाल्यावर तिने परत वरपासून पाहिले.

"ह्यात तुमी कुटं हाय?"

"खाली सही आहे."

"सही हाय. वर कुटं हाय?"

कारकून माझ्याकडे पाहू लागला. मी कागद मागून घ्यायला हवा होता. तेवढ्यात कोणी तरी आत आले, कारकुनाने तिच्या हातातून कागद घेतला, टाचणी लावली आणि फायलीत ठेवला.

"पुढची निवड कधी?" मी विचारले.

"दोन वर्षांनी."

"आनि वय पस्तीसच ऱ्हानार?" हौसा म्हणाली.

"पस्तीसच, बाई."

बाहेर चिंचेखाली तिने फडके सोडले. भाकऱ्या दोन होत्या; तिने एक माझ्यापुढे केली. पाहुण्याआधी खायचे नसते. मी तुकडा तोंडात घातला आणि बाहेर काढला. तिने आपली भाकरी हुंगली, दोन्ही उचलून चिंचेच्या बुंध्याशी ठेवल्या आणि हात लुगड्याला पुसणार तोच थांबली.

"तुमच्या पेपरात येनार न्हवं ह्ये?" तिने विचारले.

"येईल."

"मग त्यात आसं बी लिवा, का रखमाजी आबा नारळाचं सांगत फिरतील. वाडीतल्या बायांना वाटंल, हिच्याच कामाला द्येव आडवा आला. उद्या मला घरात घ्याया भेतील. आनि माजा हात न्हाई लागला तर तितं दुसरा हात न्हाई."

"मी येऊन सांगतो."

"तुमी कवा येनार?" ती म्हणाली. "तिकडं वाडीत शेवंताचं दिस भरल्यात."

अड्ड्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पुण्याला जाणारी, एक मुळशीला. हौसा मुळशीच्या गाडीच्या पायरीवर चढली. कंडक्टर आतून पुढे आला, त्याने नाक मुरडले, मग वाकून लुगडे पाहिले.

"पेट्रोल लागलंय. गाडीत घेता येत नाही, बाई. माणसं बसलीत."

"वाळलंय आता."

"वास येतोय ना. उतरा."

ती उतरली. तिने भांडण केले नाही आणि माझ्याकडे पाहिले नाही. फडके बगलेत धरून ती आलो त्याच सडकेने परत चालू लागली. सव्वा दोनच्या उन्हात ते हिरवे लुगडे बराच वेळ दिसत होते.

मी पुण्याच्या गाडीत चढलो. कंडक्टरने काही विचारले नाही. सकाळी माझे पाय फळीवर होते. माझ्या कपड्यांना वास नव्हता.